जोडीदाराला बोलावलंय

मला कामावर सगळे भोंगा म्हणतात. तोंडावरच म्हणतात, पाठीमागे काय म्हणत असतील ते देव जाणे. नाव पडलं आवाजामुळे, पण खोड वेगळीच आहे. मला चौकशा केल्याशिवाय राहवत नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणी नवे बूट कुठून घेतले, हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आमची ही म्हणते, "तुमच्या नसत्या उठाठेवी एक दिवस तुम्हाला मार खायला लावतील." अजून तरी खाल्लेला नाही.

फक्त एका माणसाचं मला काही कळत नव्हतं, आणि तो रोज माझ्या हाकेच्या अंतरावर असायचा. त्याला आम्ही पाना म्हणायचो. उंच, काटकुळा, मान जरा पुढे झुकलेली, त्यामुळे नट-बोल्ट पिळायच्या पान्यासारखाच दिसतो. आम्ही दोघं लिफ्ट दुरुस्त करतो. दवाखान्यातल्या, कचेऱ्यांतल्या, वीस-वीस मजल्यांच्या इमारतींतल्या. हे काम एकट्याने करायचं नसतं. एक जण शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वर-खाली जाते तिथे, लिफ्टच्या टपावर उभा राहतो. दुसरा सगळ्यात वर मोटररूममध्ये. दोघांची मिळून जोडी, आणि ज्याचा त्याचा दुसरा तो जोडीदार. कंपनी साहेब बदलते, गाड्या बदलते, पगाराची तारीखसुद्धा बदलते, पण जोडी सहसा मोडत नाही. कारण अंधारात दिसत काही नाही, आवाजावरच सगळं चालतं. माझ्या मनात काय आहे हे बायकोला कळायला अर्धा दिवस लागतो. पान्याला माझ्या एका "हं"वरून कळायचं.

तर हा पाना प्यायचा.

आमच्या धंद्यात पिणारे पुष्कळ. पण ते चौघांत बसून पितात, गातात, भांडतात, दुसऱ्या दिवशी कान धरून माफी मागतात. पाना एकटा प्यायचा, आणि कधी प्यायचा याचा मी अभ्यासच केला होता. पगाराच्या दिवशी नाही. साहेबाने झापल्यावर नाही. कुणाचं लग्न झालं, की दुसऱ्या दिवशी डोळे लाल. आई राहायला येऊन गेली, की लाल. लांबलचक सुट्टी लागली, सगळे आपापल्या गोतावळ्यात जाऊन आले, की हा सुजलेल्या तोंडाने हजर. लोक दुःख विसरायला पितात म्हणे. हा सुखाचे दिवस विसरायला पीत होता की काय!

मी विचारायचो. तो म्हणायचा, "झाकली मूठ सव्वा लाखाची, भोंग्या."

"अरे, सव्वा लाखाची मूठ असणारा माणूस असली सात रुपड्यांची पितो होय?"

हसायचा आणि विषय बदलायचा. चहाच्या वेळी मोटररूममध्ये पोरींवरून, बायकी चालीच्या पुरुषांवरून फालतू विनोद चालायचे, तेव्हाही हा सगळ्यांत मोठ्याने हसायचा. माझा होरा असा, की कुठल्यातरी पोरीने दगा दिलाय. बायकोने माझं म्हणणं उडवून लावलं. "पोरीने फसवलेला माणूस पोरींविषयी चार शिव्या तरी देतो," ती म्हणाली. "हे भाऊजी तर बोलतच नाहीत." बायकोचं डोकं माझ्यापेक्षा चालतं, पण हे मी तिला सांगत नाही.

पान्याचं घर दोन खोल्यांचं. त्यातली एक त्याने भाड्याने दिली होती. भाडेकरू चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. गोरटेला, मितभाषी, स्वच्छ माणूस. मी गेलो की चहा टाकायचा, कप पुढ्यात ठेवायचा आणि आत निघून जायचा. माझा चष्मा त्याच्याच हातचा. मी म्हटलंसुद्धा होतं, "पान्या, भाडेकरू असावा तर असा. नाहीतर आमच्या वरचा, रात्रंदिवस पाट-पेट्या सरकवतो."

कंपनीने पान्याला दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. तिथे गटात बसवून प्रत्येकाला विचारतात, का पितोस. पान्याने सांगितलं, एक मुलगी सोडून गेली. मग काय, त्यांनी त्याला त्या मुलीला विसरायचे धडे दिले. तिला पत्र लिहून फाडायला लावलं. तिला मनातल्या मनात माफ करायला लावलं. पाना सगळं मन लावून करायचा आणि परत आला की महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला तेव्हा केंद्राचा राग यायचा. म्हणायचो, फुकटखाऊ लेकाचे, एका पोरीला विसरायला लावता येत नाही?

मग तो दिवस आला.

आमचा नियम असा, की लिफ्ट हलवण्याआधी मी वरून ओरडायचं, "पट्टा?" आणि त्याने कमरेचा पट्टा अडकवून खालून ओरडायचं, "लावला." त्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही. त्या दिवशी मी विचारलं आणि त्याने उत्तर दिलं. शब्द बरोबर होता. आवाज बरोबर नव्हता. कसा ते मला अजून सांगता येत नाही. जणू कुणी उरकून टाकावा तसा. मी मोटर तशीच ठेवली, जिना उतरून आलो, मजल्याचं दार किल्लीने उघडलं आणि पाहिलं. पट्टा बाजूला लोंबत होता. पाना टपाच्या कडेला उभा राहून खाली बघत होता.

मी त्याची कॉलर धरून आत ओढला आणि एक ठेवून दिली. तोंडाचा वास घेतला. घेतलेली नव्हती. प्यायलेला असता तर मला बरं वाटलं असतं.

"विसरलो," तो म्हणाला.

"विसरलेला माणूस 'लावला' म्हणून ओरडत नाही, गाढवा!"

तो खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. मी कुणाला काही बोललो नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्याला विचारा. दुसऱ्याच दिवशी मी स्वतः त्याला तिसऱ्या केंद्रात नेऊन घातला. डॉक्टर म्हणाले, यकृताने हात टेकलेत, आता पुन्हा प्यायला तर आमच्याकडे आणू नका. साहेब म्हणाला, पूर्ण करून आला तर कामावर, मधेच उठून आला तर कायमचा घरी. त्या दोघांना पट्ट्याचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मधेच उठून घरी बसलेला पाना जगणार नाही, हे मला चहा गोड आहे की नाही इतकं स्पष्ट कळत होतं.

काही आठवडे बरे गेले. मग एका सकाळी केंद्राच्या ऑफिसातून फोन. पान्याच्या अर्जावर माझाच नंबर होता. "आज घरच्या माणसांची बैठक आहे. त्यांनी जोडीदाराला बोलावलंय. तुम्ही येताय ना?"

"हा निघालोच," मी म्हटलं. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! आईला नाही, बहिणीला नाही, जोडीदाराला बोलावलंय. इस्त्रीचा शर्ट घातला, बायकोने डोक्याला तेल लावून दिलं, आणि निघालो.

केंद्रातल्या समुपदेशक बाई पन्नाशीच्या, केस कापलेल्या, मोठ्या शांत. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या.

"तुम्ही त्यांचे जोडीदार?"

"मीच. दुसरा कोण असणार?"

"तुम्ही आलात, फार बरं वाटलं. बरेच जण येतच नाहीत."

"न यायला काय झालं? माझा जीव त्याच्या हातात असतो आणि त्याचा माझ्या."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "किती वर्षं आहात एकत्र?"

"माझी मुलगी झाली त्या वर्षापासून. आता कॉलेजात जाते."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"एक मुलगी, एक मुलगा."

"म्हणजे... लग्न झालंय तुमचं?"

"रीतसर."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आणि पत्नीला तुमच्या दोघांबद्दल कल्पना आहे?"

"कल्पना? अहो, तीच त्याचाही डबा भरून देते! एवढंच म्हणते, दोघं जरा सांभाळून करत जा. अंधारातलं काम."

बाईंनी पाणी ओतून घेतलं आणि सगळं एका दमात पिऊन टाकलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "लपवावं नाही लागत?"

"लपवायचं काय त्यात? कंपनीनेच तर जोडी लावून दिली."

"कंपनीने!"

"हो मग. लिफ्टवाल्यांत जोडीशिवाय काम नाही."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मी डोळ्यांनी पाहिला. त्या तोंडावर हात ठेवून बसल्या, जणू दुधाचं पातेलं त्यांच्या हातून पालथं झालं होतं. "तुम्ही कामावरचे," एवढंच म्हणाल्या.

"मग? जोडीदार म्हणजे अजून काय असतं?"

मला काहीतरी शिजतंय एवढं कळलं, पण काय ते कळेना, आणि माझ्यासारख्याला याच्याइतकी मोठी शिक्षा नाही. तेवढ्यात दार उघडून पाना आत आला. दाढी केलेली, हातात बॅग भरलेली. मला बघून जागच्या जागी थबकला.

"तू कसा काय?"

"जोडीदाराला बोलावलं म्हणून आलो! आणि ही बॅग कशाला?"

पाना माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. भिंतीला टेकून, पोट धरून हसला, हसता हसता खाली बसला, आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही.

"तो जोडीदार नाही रे, भोंग्या. दुसरा."

माझ्या डोक्यात सणक गेली. "दुसरा? कंपनीने जोडी बदलली? मला न विचारता? कोण आहे तो?"

"भाडेकरू."

"भाडेकरू! त्याला लिफ्टमधलं काय डोंबल कळतं?"

बाई खाली बघायला लागल्या. पाना नुसता माझ्याकडे बघत बसला. आणि मग माझ्या डोक्यात एकेक मजला करत दिवा लागत गेला. चहा टाकणारा. आई आली की दुकानात झोपायला जाणारा. कधी भाडं वाढवलं नाही असा. मी खुर्चीत बसलो, परत उठलो, परत बसलो.

"म्हणजे तुम्ही दोघं..."

"हो."

"पहिल्यापासून?"

"त्याने खोली घ्यायच्या आधीपासून."

मला खरंच राग आला. तसा आहे म्हणून नाही. इतकी वर्षं मी याच्या एका शब्दावर मोटर सुरू केली, आणि याने मला एवढं सांगू नये? तसं म्हणालोही, चांगला ओरडून म्हणालो. पाना म्हणाला, "सांगितल्यावर तू माझ्या आवाजावर मोटर सुरू केली असतीस का, एवढंच मला कळत नव्हतं. आणि विचारून बघायची हिंमत नव्हती."

मग माझी खोड उसळली. मी विचारत सुटलो, आणि बाई मला थांबवायच्या बेतात होत्या, पण पान्यानेच त्यांना हाताने राहू द्या म्हटलं. "घरात स्वयंपाक कोण करतं?" "ज्याला आधी भूक लागते तो." "भांडण झालं तर?" "तुमचं होतं तसंच." "मग पितोस का, मेल्या?"

तो म्हणाला, "आम्ही भेटलो ते एका बारमध्ये. आमच्यासारख्यांनी बसायचं कुठे? बागेत बसलं तर लोक बघतात, घरी नेलं तर आई विचारते. तिथे पैसे टाकले की कुणी विचारत नसे, तुम्ही दोघं कोण. पेला म्हणजे बसायचं भाडं होतं. त्याने सोडला. मला दर लग्नात, दर सणासुदीला, 'तुझं कधी?' ऐकून आल्यावर लागायला लागला. दिवसभर खोटं बोलून तोंड कडू व्हायचं, भोंग्या. मग तो कडूपणा धुवायला."

"आणि ती सोडून गेलेली मुलगी?"

"नव्हतीच कुणी."

म्हणजे दोन केंद्रांनी मिळून याला एका नसलेल्या पोरीला विसरायला शिकवलं. औषध दिलं ते दुसऱ्याच रोग्याला, आणि हा तसाच. बाई म्हणाल्या, "यांच्यासारख्या माणसांत दारूही जास्त बघते मी आणि मन खचणंही. ते तसे आहेत म्हणून नाही हो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार रोज खावा लागतो, म्हणून."

"मग आता ही बॅग?"

पाना उठला. "तो गेला घर सोडून. मी इथे यायच्या आधीच. आज येईल असं बाईंना सांगितलं, पण फोन करायला उचललेला हात खाली ठेवला. तो येणार नाही. मग बरं होऊन मी जाऊ कुणाकडे?"

त्याने बॅग उचलली. मी म्हटलं, "थांब. मला थोडा वेळ दे. मी येईपर्यंत हललास तर तंगडी मोडीन," आणि फाटकाकडे पळालो. आत फोन नेऊ देत नाहीत, फाटकावर जमा करतात. माझ्या चष्म्याच्या डबीवर दुकानाचा नंबर छापलेला होताच. लावला. तोच आला फोनवर.

मी एका दमात सगळं ओकलो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मी नाही येणार."

"अहो, असं काय करता? माणूस हातचा जाईल!"

"माझं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी त्याला विचारलं, तुम्ही यांचे कोण. हा म्हणाला, घरमालक. घरमालकाला कोण काय सांगणार? मी शुद्धीवर आलो की नाही हेसुद्धा त्याला दुसऱ्या दिवशीपर्यंत कळलं नाही. आणि मग तो आठवडाभर पीत राहिला. भाडेकरू म्हणून मी पुष्कळ राहिलो, दादा. तुम्ही बोलावलंत, तुमचे उपकार. पण त्याला बोलावू दे. त्याच्या तोंडाने."

फोन ठेवला त्याने. माणूस चुकीचं बोलला असता तर मी भांडलो असतो. पण चुकीचं काय होतं?

केंद्रातल्या लोकांसाठी फोन एकच, बोळात भिंतीवर टांगलेला. आवाज इतका बारीक, की ओरडल्याशिवाय पलीकडे पोचत नाही. त्या दिवशी भेटीचा वार, म्हणून मागे ही रांग लागलेली: कुणाची दाढी वाढलेली, कुणाची लुंगी सुटायला आलेली, सगळ्यांचे कान टवकारलेले. मी पान्याला दंडाला धरून आणला आणि सगळ्यांना सांगितलं, "याचं अर्जंट आहे." दोघातिघांनी शिव्या दिल्या, मी चौपट परत केल्या. पान्याने नंबर फिरवला.

पलीकडून दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाचा आवाज आला. त्याला कानाने कमी ऐकू येतं, म्हणून तोही ओरडूनच बोलतो. बोळभर ऐकू येत होतं. "काचा घासतोय तो! कोण बोलतंय?"

"मी... त्याला जरा बोलवा."

"कामात आहे म्हटलं ना! तुम्ही कोण त्याचे?"

पान्याने मागे पाहिलं. रांग पुढे सरकून आली होती. एक जण दात कोरत होता. पान्याच्या कपाळावर घाम उभा राहिला.

"मी त्याचा घर..."

अडकला. मी डोळे मिटून घेतले. घरमालक म्हणणार आता, मनात म्हटलं. संपलं.

"ऐकू येत नाही! मोठ्याने बोला!"

"घरचा!" पाना ओरडला. असा ओरडला, की दात कोरणाऱ्याच्या हातातली काडी पडली. "त्याच्या घरचा माणूस बोलतोय! त्याला म्हणावं, मी बोलावलंय!"

बोळात कुणी हललं नाही. पलीकडे काच घासायचं यंत्र घरघरत होतं, ते बंद झालं. मग तिकडून कुणीतरी बोलायला लागलं, इतकं हळू, की मला कान लांब करूनही ऐकू आलं नाही. पाना फोन दोन्ही हातांनी धरून ऐकत होता आणि नुसतं "हो... हो रे... हो" म्हणत होता. फोन ठेवून त्याने बॅग माझ्या हातात दिली. "ऑफिसात परत ठेवून ये." रांगेतला एक जण म्हणाला, "झालं का? सरका आता." बस, एवढंच.

चष्मेवाला आला तो हाताला काचेची पांढरी भुकटी तशीच घेऊन. फाटकापासून पळत आला असावा. दोघांनी एकमेकांना हात लावला नाही, नुसते शेजारी शेजारी चालत बाईंच्या खोलीकडे गेले. मी मागे होतोच. खुर्च्या तीन होत्या. एक बाईंची. मी म्हटलं, उभा राहतो मी, माझं काही नाही.

पाना दारात वळला. "भोंग्या, तू जरा बाहेर थांब."

"का? मला आता सगळं माहीत आहे!"

"घरचं बोलायचंय," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मी बाकावर बसून राहिलो. आतून आवाज येत होते. दाराला फट होती, उठून दोन पावलं गेलो असतो तर ऐकू आलं असतं. बसून राहिलो.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय झालं आत?"

"त्यांचं घरचं बोलणं होतं," मी म्हटलं. "आपण कशाला विचारायचं?"

तिने हातातली कणीक तशीच ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.